खोऱ्यावरचे झाकण



ज्यांचा एक तुकडा ओढ्याकाठी आणि दुसरा वर माळावर आहे, त्यांना पुढची गोष्ट नवीन नाही. पौषात थंडीचा कडाका पडला की आधी करपते ते ओढ्याकाठचे पीक. घेवडा असो, टोमॅटो असो, बटाटा असो, सखल रानातला पाला एका रात्रीत काळा पडतो आणि हाकेच्या अंतरावरचे माळावरचे पीक तसेच हिरवे राहते. उंचावर थंडी जास्त, असे आपण शाळेत शिकलो. मग खाली थंडी आणि वर ऊब, असे उलटे कसे होते?

या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेतले तर पिकाचे राखण करता येईलच, पण आणखी एक गोष्ट उलगडेल. डोंगरांच्या मध्ये वसलेल्या गावांत थंडीच्या दिवसांत संध्याकाळपासून धूर का कोंडतो, म्हाताऱ्या माणसांचा दमा मार्गशीर्षातच का उठतो आणि लहान मुलांचा खोकला हटता हटत का नाही, हे कळेल. पीक करपवणारी थंडी आणि घशात बसणारा धूर, दोन्हींचे मूळ एकच आहे. आजच्या लेखाचा विषय तोच.

थंड हवा पाण्यासारखी वाहते

दिवसभर ऊन खाऊन जमीन तापते. सूर्य मावळला की ती आपली ऊब आभाळाकडे सोडू लागते. आभाळात ढग असतील तर ते गोधडीचे काम करतात आणि ऊब टिकते. आभाळ निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर जमीन झपाट्याने निवते. तिला चिकटून असलेली हवाही निवते. थंड हवा उबदार हवेपेक्षा जड. ती उतारावरून हळूहळू खाली सरकू लागते. पावसाचे पाणी ज्या वाटेने जाते, बहुतेक त्याच वाटेने ही हवा जाते. बांधावरून, ओघळीतून, ओढ्यातून ती खाली येते आणि सगळ्यात सखल जागी साचते. म्हणून ओढ्याकाठचे पीक करपते आणि माळ वाचतो.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी बागायतदारांना हे चांगले ठाऊक आहे. थंडीच्या लाटेत तेथे दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, त्या गावातल्या बाजारपेठेच्या नसतात. त्या येतात वेण्णा तलावाच्या आणि लिंगमळ्याच्या सखल भागातून. बाजारपेठेत त्याच पहाटे पारा काही अंशांनी वर असतो. गाव एकच, पण जागेच्या उंचसखलपणाने एवढा फरक पडतो. नाशिक जिल्ह्यात निफाडचे नाव थंडीसाठी निघते ते महाबळेश्वराइतक्या उंचीमुळे नव्हे. गोदावरी-कादवेच्या सखल, मोकळ्या रानात थंड हवा पसरून बसते, हे त्याचे मोठे कारण.

आता डोक्यात चित्र उभे करा. खाली थंड हवेचा थर, त्यावर उबदार हवेचा थर. नेहमीच्या क्रमाने वर जावे तसे हवा थंड होत जाते, साधारण हजार मीटरला साडेसहा अंश सेल्सिअस. येथे तो क्रम उलटा झाला. भूगोलाच्या पुस्तकात याला ‘तापमानाची विपरीतता’ म्हणतात. आपण त्याला सरळ झाकण म्हणू.

झाकण का म्हणायचे? चुलीचा धूर वर जातो तो गरम असतो म्हणून. वर जाता जाता तो निवतो. भोवतालची हवा त्याच्याहून थंड असेपर्यंतच तो चढतो. वाटेत उबदार थर आला की चढण संपली. मग तो आडवा पसरतो. गुऱ्हाळाच्या चुलवाणातून निघालेला धूर थंडीच्या संध्याकाळी सरळ वर जातो आणि एका ठरावीक उंचीवर चादरीसारखा पसरून राहतो, हे आपल्यापैकी कित्येकांनी पाहिले असेल. ती चादर जेथे पसरते, तेथे झाकण आहे असे समजावे.

वाईचे खोरे

सातारा जिल्ह्यातल्या वाईचे उदाहरण घेऊ. कृष्णा महाबळेश्वरच्या डोंगरातून निघते, धोमच्या धरणात विसावते आणि वाईच्या घाटांना लागते. दक्षिणेला पाचगणीचे पठार, उत्तरेला पांडवगड आणि मांढरदेवाची रांग, पश्चिमेला महाबळेश्वरचा डोंगर. खोरे मोकळे आहे ते मुख्यतः पूर्वेला, भुईंजच्या बाजूला. वाई आणि पाचगणी यांच्यात रस्त्याने अंतर बारा-तेरा किलोमीटरचे, पण उंचीत पाचशे मीटरांहून अधिक फरक. थंडीच्या दिवसांत पहाटे पसरणीचा घाट चढून मागे वळून पाहिले, तर वर लख्ख आभाळ असते आणि खाली वाईवर पांढुरका पडदा पसरलेला असतो. त्यातून देवळांची शिखरे आणि उंच झाडांचे शेंडे तेवढे वर आलेले दिसतात. पाहुण्यांना ते दृश्य मोठे मनोहर वाटते. पण तो पडदा निव्वळ धुक्याचा नसतो. रात्रभरात पेटलेल्या चुली, बंब, शेकोट्या, गाड्या आणि रानातल्या जाळाचा धूर त्यात मिसळलेला असतो.

वाई हे काही मुंबई-पुण्यासारखे मोठे शहर नव्हे. तरीही तेथे आणि अशा कोणत्याही खोऱ्यातल्या गावात थोड्या धुराचा त्रास जास्त होतो. एक साधा हिशेब करून पाहा. चिमूटभर मीठ हंडाभर पाण्यात टाकले तर जिभेला कळतही नाही. तेच वाटीभर पाण्यात टाकले तर पाणी खारट होते. उन्हाच्या दुपारी खोऱ्यातली हवा हजार-दीड हजार मीटर उंचीपर्यंत घुसळली जाते, तो हंडा. पहाटे झाकण शंभर-दोनशे मीटरांवर येऊन बसते, ती वाटी. धूर तेवढाच, पण त्याला पसरायला जागा दहाव्या हिश्शाची. शिवाय सपाट मुलखात वारा आडवा वाहून धूर दूर नेतो. खोऱ्यात दोन्ही अंगांना डोंगर असल्याने त्यालाही अडसर.

दिवसाचे वेळापत्रक सांगायचे तर असे. सूर्य डोंगराआड गेला की तासाभरात झाकण बसू लागते. खोऱ्यात सूर्य लवकर दिसेनासा होतो, म्हणून झाकणही लवकर बसते. रात्रभर ते घट्ट होत जाते आणि सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत घट्ट असते. सकाळी ऊन आधी डोंगराच्या माथ्यावर आणि उतारावर पडते, तळाला उशिरा पोहोचते. जमीन तापू लागली की तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर उठते, उतारावरून हवा डोंगराकडे चढू लागते आणि नऊ-दहाच्या सुमारास, कडाक्याच्या दिवसांत अकरालाही, झाकण फुटते. दुपार ही खोऱ्यातली सर्वांत स्वच्छ वेळ. संध्याकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

झाकण बसले आहे हे ओळखायला यंत्र लागत नाही. धूर आडवा पसरलेला दिसतो. झाडाचे पान हलत नाही. दव दाट पडते. आणि आवाज फार लांबून ऐकू येतो. आश्विन पौर्णिमेनंतर काकड आरती सुरू होते, तेव्हा शेजारच्या गावातली घंटा आणि टाळ आपल्या अंगणात वाजल्यासारखे ऐकू येतात. त्याचेही कारण हाच उलटा थर. खालच्या थंड हवेतून जाणारा आवाज वर निसटून न जाता पुन्हा जमिनीकडे वळतो.

वर्षाचा फेरा

आता हेच महिन्यामहिन्याने पाहू.

पावसाळा हा खोऱ्याच्या हवेचा धुण्याचा हंगाम. ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत पश्चिमेचा वारा वाहता असतो, आभाळ झाकलेले असल्याने रात्री जमीन फारशी निवत नाही आणि पाऊस हवेतला धूर-धुरळा खाली आणतो. या दिवसांत बाहेरची हवा चांगली, पण घरातली वाईट. सरपण ओले, दारे-खिडक्या बंद, चूल धुमसते आणि सगळा धूर स्वयंपाक करणारीच्या छातीत जातो. हे आपण विसरतो, कारण तो धूर गावाला दिसत नाही.

आश्विनात पाऊस परततो, आभाळ निवळते, रात्री लांबू लागतात. झाकणाची सुरुवात येथून होते. दिवाळीच्या फटाक्यांचा धूर दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत रेंगाळतो तो याचमुळे.

कार्तिक ते माघ हा झाकणाचा खरा हंगाम. दुर्दैव असे की आपल्याकडे धुराचा हंगामही हाच. कारखान्यांचे गाळप चालू, गुऱ्हाळे पेटलेली, वीटभट्ट्या लागलेल्या, ऊस तुटलेल्या रानात पाचट पेटवलेले, दारोदारी शेकोट्या आणि आंघोळीचे बंब. ज्या महिन्यांत हवेत धूर सामावून घेण्याची ताकद सर्वांत कमी, त्याच महिन्यांत आपण सर्वांत जास्त धूर करतो.

फाल्गुनापासून ऊन तापते, झाकण लवकर फुटते, वारा सुटतो. पण हवा शुद्ध होत नाही. धूळ उडते, डोंगराला वणवे लागतात, भाताच्या पट्ट्यात राब भाजले जातात. वणवा उतारावर लागला तरी रात्री त्याचा धूर थंड हवेबरोबर वाहत खाली गावात येतो. पुढे एखादा वळीव जोराचा पडला की तासाभरात समोरचा डोंगर जवळ आल्यासारखा स्पष्ट दिसू लागतो. डोंगर होता तेथेच होता, मधली हवा तेवढी धुतली गेली.

मोठी परात : काठमांडू

आपल्या खोऱ्यांकडे अजून लक्ष न दिल्यास पुढे काय वाढून ठेवले आहे, हे पाहायचे तर नेपाळची राजधानी पाहावी. पशुपतिनाथाच्या दर्शनाला आपल्याकडची पुष्कळ मंडळी जातात. काठमांडूचे खोरे समुद्रसपाटीपासून सुमारे तेराशे मीटर उंच आणि भोवती दोन हजारांपासून पावणेतीन हजार मीटरपर्यंतचे डोंगर. अगदी परातीसारखे. पाणी बाहेर पडायला बागमती नदीची एकच वाट, चोभारची घळ. येथे पूर्वी सरोवर होते आणि मंजुश्रीने तलवारीने डोंगर चिरून पाणी सोडून दिले, अशी तिकडची कथा. भूगर्भशास्त्रज्ञही सांगतात की फार प्राचीन काळी येथे खरोखर सरोवर होते. त्याच सरोवराच्या गाळाने खोऱ्याची जमीन सुपीक केली आणि त्याच गाळाच्या मातीच्या विटा हिवाळ्यात भट्ट्यांत भाजल्या जातात.

तेथे थंडीत काय होते ते आता तुम्हीच सांगू शकाल. सकाळी आणि संध्याकाळी धूर कोंडतो. दुपारी पश्चिमेकडच्या खिंडींतून वारा शिरतो आणि काही तास दिलासा देतो. रात्री पुन्हा झाकण. मार्च-एप्रिलमध्ये जंगलांना लागलेल्या आगींचा धूर बाहेरून येऊन त्यात भर घालतो. 2020-21 चा हिवाळा नेपाळात फार कोरडा गेला, जंगले पेटली आणि 2021 च्या मार्चअखेर हवा इतकी बिघडली की सरकारने शाळा चार दिवस बंद ठेवल्या. पूर नाही, भूकंप नाही, साथ वाढली म्हणून नाही, केवळ श्वास घेण्याजोगी हवा नाही म्हणून शाळांना सुटी द्यावी लागली. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की त्याच खोऱ्यातून पुन्हा निळे आभाळ दिसते.

नेपाळने काहीच केले नाही असे नाही. 1999 मध्ये डिझेलचे तीनचाकी टेंपो खोऱ्यातून हलवले, त्यांच्या जागी बॅटरीवरचे टेंपो आले. चोभारचा सिमेंट कारखाना 2002 मध्ये बंद झाला. जुन्या पद्धतीच्या वीटभट्ट्यांवर बंदी आली. पण शहर वाढत गेले, गाड्या वाढत गेल्या आणि केलेले काम पुरे पडेनासे झाले. परात मोठी करता येत नाही, हाच त्यातला धडा. तेव्हा परातीत किती ओतायचे, एवढेच माणसाच्या हातात राहते.

त्याहून जुनी दोन उदाहरणे थोडक्यात सांगतो. बेल्जियममध्ये म्यूझ नदीच्या अरुंद खोऱ्यात 1930 च्या डिसेंबरमध्ये पहिल्या पाच दिवसांत असेच झाकण बसले आणि कारखान्यांचा धूर कोंडून साठांवर माणसे मेली. गुरेढोरेही दगावली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डोनोरा गावी, नदीच्या नालेसारख्या वळणात, 1948 च्या ऑक्टोबरअखेर पाच दिवस हवा हलली नाही. जस्ताच्या आणि पोलादाच्या कारखान्यांच्या धुराने वीस माणसे गेली, हजारो आजारी पडली. पाचव्या दिवशी पाऊस आला आणि कोंडी फुटली. कारखाने तेथे आधीही रोज धूर सोडत होते. त्या पाच दिवसांत धूर वाढला नव्हता. त्याची बाहेर जाण्याची वाट बंद झाली होती.

आपल्या खोऱ्यांत तसे कारखाने नाहीत, म्हणून निश्चिंत राहू नये. पाचट, काडीकचरा, सरपण यांच्या धुरात केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही बारीक कण असतात. नाकातल्या केसांत ते अडकत नाहीत. फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि तेथून रक्तात उतरतात. दमा, जुना खोकला, हृदयविकार यांत त्यांचा हात असतो. आपल्या देशाने 2009 मध्ये या बारीक कणांची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला घनमीटरमागे 60 मायक्रोग्रॅम ठरवली. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये हीच मर्यादा 15 सांगितली आहे. आणि धुराने भरलेल्या स्वयंपाकघरात हे प्रमाण कित्येक पटींनी वर जाते.

संध्याकाळची काडी

आता मुद्द्याचे बोलू. पाचट का पेटवता, असे विचारले तर शेतकरी खरी कारणे सांगतात. मजूर मिळत नाही. खोडव्याची मशागत खोळंबते. उंदीर होतात. पाचटात पाय घालायला विंचू-सापाची भीती. ही कारणे खोटी नाहीत. आणि पेटवायचे तर संध्याकाळीच का? कारण तेव्हा वारा पडलेला असतो, आग शेजाऱ्याच्या उसात जात नाही. हेही शहाणपणाचेच आहे. पण वारा पडलेला असतो म्हणून जशी आग पसरत नाही, तसाच धूरही जात नाही. ज्या कारणासाठी ती वेळ निवडली, त्याच कारणाने तो धूर थंड हवेबरोबर ओढ्या-ओढ्याने उतरत वस्तीत येतो आणि रात्रभर तेथे राहतो. आपल्याच पोरांच्या उशाशी.

मग दुपारी वाऱ्यात पेटवावे का? तसे सांगणारा माणूस शेजाऱ्याचा ऊस जाळून बसेल. म्हणून वेळ बदलण्यापेक्षा पाचट न जाळणे हाच खरा मार्ग आहे, आणि तो तोट्याचा नाही. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. त्यात नत्र आहे, पालाश आहे आणि मुख्य म्हणजे जमिनीला हवा असलेला सेंद्रिय कर्ब आहे. खोडवा ठेवायचा असेल तर ऊस जमिनीलगत तोडावा, राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने छाटावेत, पाचट सरीत सारखे पसरावे. त्यावर हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धन टाकून पाणी द्यावे. पाणी दिल्यावर पाचट दबते आणि हळूहळू कुजू लागते. आच्छादनामुळे पाण्याच्या पाळ्यांत अंतर वाढवता येते, तण कमी उगवते. उन्हाळ्यात कालव्याचे पाणी लांबले तर पाचट ठेवलेला खोडवा तग धरतो, हे ज्यांनी करून पाहिले ते सांगतील. मजुरांची अडचण असेल तेथे पाचटाची कुट्टी करणारे ट्रॅक्टरचे यंत्र चार-सहा जणांनी मिळून भाड्याने आणावे.

भाताच्या पट्ट्यातल्या बंधूंनीही राबाचा विचार करावा. गादीवाफे करून, चांगले कुजलेले शेणखत घालून, बियाणे ओळीत पेरले तर राब न भाजताही रोपे जोमदार येतात. पालापाचोळा, शेण आणि फांद्या जाळण्यापेक्षा त्यांचे खत करणे केव्हाही फायद्याचे. वणव्याबद्दल तर वेगळे सांगायला नको. डोंगर जाळला की पुढच्या वर्षी गवत चांगले येते, ही समजूत पुष्कळ ठिकाणी आहे. हिरवा फुटवा लवकर दिसतो हे खरे, पण उघड्या पडलेल्या उतारावरची माती पहिल्या पावसात ओढ्याला मिळते आणि वर्षागणिक चारा विरळ होत जातो.

एक ठिकाण मात्र असे आहे, जेथे झाकणाचा उपयोग करून घेता येतो. द्राक्षबागायतदार कडाक्याच्या पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. बागेला वाचवतो तो धूर नव्हे, तर जाळाची ऊब. वर झाकण असल्याने ती ऊब बागेतच फिरत राहते. म्हणून एकच मोठा जाळ करू नये. त्याची गरम हवा झाकण भेदून वर निघून जाते. लहान लहान शेकोट्या जागोजागी कराव्यात, सरपण वाळलेले असावे. त्याआधी बागेला पाणी दिलेले असेल तर ओली जमीन ऊब जास्त धरून ठेवते, हा त्याहून सोपा आणि बिनधुराचा उपाय.

घरोघरी करण्याजोगे

काही साध्या गोष्टी लिहून ठेवा. खर्चाच्या फारशा नाहीत.

1. कार्तिक ते माघ या दिवसांत पहाटेचे फिरणे आणि धावणे दमेकऱ्यांनी, म्हाताऱ्यांनी आणि हृदयविकार असलेल्यांनी टाळावे. ऊन चांगले वर आल्यावर फिरावे. पहाटेची हवा शुद्ध, हा समज सपाट माळाला किंवा डोंगरमाथ्याला लागू असेल, खोऱ्याच्या तळाला थंडीत लागू नाही.

2. शाळेतली कवायत आणि खेळाचे तास या दिवसांत सकाळी पहिल्याच तासाला न ठेवता दुपारकडे न्यावेत. मुख्याध्यापकांशी बोलून पाहावे. यात अवघड काही नाही.

3. शेकोटीत टायर, प्लॅस्टिक, औषधांचे डबे आणि खतांच्या पिशव्या टाकू नयेत. त्यांचा धूर लाकडाच्या धुराहून कितीतरी विषारी.

4. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी पेटवून, दार-खिडकी लावून झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो आणि माणूस झोपेतच दगावतो.

5. 2016 पासून उज्ज्वला योजनेत गॅसची जोडणी पुष्कळ घरांत आली आहे. सिलिंडर परवडत नाही म्हणून चूल चालू ठेवावी लागते, हे आम्ही पाहतो. निदान सकाळ-संध्याकाळचा स्वयंपाक गॅसवर व्हावा आणि भर दुपारचे पाणी तापवणे चुलीवर ठेवावे. चुलीला धुराडे असावे आणि ते छपराच्या वर निघालेले असावे.

6. अगदी पान हलत नसताना औषध फवारू नये. झाकणाखाली बारीक तुषार खाली न बसता तरंगत राहतात आणि थंड हवेबरोबर सखल भागातल्या घरांकडे, गोठ्यांकडे आणि मधमाश्यांच्या पेट्यांकडे जातात. दव सुकल्यावर, हलकी झुळूक असताना फवारावे.

7. नवीन वीटभट्टी किंवा गुऱ्हाळ टाकताना ग्रामसभेने जागा पाहावी. वस्तीच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या तोंडाशी जागा देऊ नये. रात्री तिचा सगळा धूर उतरून गावातच येणार.

शेवटच्या कलमावर ग्रामसभेत वाद होतील, हे मला ठाऊक आहे. भट्टीवाला गावचाच असतो, भट्टीवर काम करणारेही पोट भरायला आलेले असतात. तेव्हा भट्टी नको असे म्हणण्यापेक्षा ती कोठे हवी हे आधी ठरवावे. थंडीच्या एखाद्या संध्याकाळी गावातल्या चार माणसांनी उंचावर उभे राहून धूर कोणत्या बाजूला सरकतो ते पाहावे. दोन-तीन दिवस पाहिले तर आपल्या खोऱ्याची हवा कोणत्या वाटेने उतरते याचा नकाशा मनात तयार होईल. मग जागेचा निर्णय भांडणाशिवाय होण्याची शक्यता वाढते.

डोंगर हलवता येत नाहीत आणि ऋतू थांबवता येत नाहीत. खोऱ्यात राहण्याचे फायदे आपण पिढ्यान् पिढ्या घेत आलो, पाणी, गाळाची माती, वाऱ्यापासून आडोसा. त्याच आडोशाची ही दुसरी बाजू. ती ओळखून वागले तर खोऱ्यासारखी राहायला जागा नाही. यंदा ऊस तुटल्यावर काडी ओढण्यापूर्वी एकदा आभाळाकडे आणि शेजारच्या घराच्या धुराकडे पाहा, एवढेच सांगणे.

पुढच्या अंकी उन्हाळी भुईमुगाच्या पाण्याच्या पाळ्यांविषयी. कळावे.